वॉर्ड बंद असताना घरी नर्सिंगची प्रॅक्टिस कशी करायची

२०२० मध्ये मार्चला लॉकडाऊन लागला आन नर्सिंगचे क्लास मोबाईलवर आले, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या पोरी गच्चीवर रेंज शोधत बसायच्या. पुन्हा अशी वेळ आली तर हे करा.

थिअरीचं टेन्शन घेऊ नका, ती होते. सरांना ऑडिओ पाठवायला सांगा, व्हिडिओ अटकतो. खरी अडचण हाताच्या सवयीची.

इंजेक्शनसाठी कच्चं केळ घ्या, आपल्याकडे त्याला काय तोटा! सिरिंजमध्ये साधं पाणी भरा, आयएमला (स्नायूत) ९० अंश, सबक्यूटला (कातडीखाली) ४५, इंट्राडर्मलला (कातडीच्या थरात) १० ते १५, कोन हाताला बसेपर्यंत टोचत राहा. सुईला परत टोपण लावू नका, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, आन ते केळ कोणाला खाऊ देऊ नका.

पीपीई, म्हणजे इन्फेक्शनपासून वाचवणारे गाऊन-ग्लोव्हज-गॉगल-मास्क, घालणं सोपं, काढताना गडबड होते. गाऊन म्हणून जुना रेनकोट घाला, ग्लोव्हजला ओला गुलाल लावा न मग काढा, आधी ग्लोव्हज, मग गाऊन, मग गॉगल, मास्क शेवटी. अंगावर, मनगटावर रंग दिसला म्हणजे तिथं इन्फेक्शन लागलं असतं असं समजा. मधेमधे हात सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०.

श्वास मोजायला आजीबाई बेस्ट, पण तिला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी धरल्याचं नाटक करा आन पूर्ण १ मिनिट छाती बघा.