घोडा लंगडतोय? दुखणं कुठे आहे ते असं शोधा

आमची घोडी पुढच्या उजव्या पायात लंगडायला लागली तेव्हा चार दिवस आम्ही तिचा खांदा तेलाने चोळत बसलो. बघायला येणारा प्रत्येक जण "खांदा भरलाय" म्हणून जायचा. पाचव्या दिवशी नालबंदाने खुराचा तळवा थोडा कोरला आणि आतून काळा, घाण वासाचा पू आला. संध्याकाळी घोडी पाय टेकत होती. तेव्हापासून मी खुरापासून सुरुवात करतो आणि खांद्याकडे सगळ्यात शेवटी जातो. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे लंगडणं तिथे जास्त, आणि त्यातलंही बरंचसं खुरातच निघतं.

आधी उभा असताना बघा

मागचा एक पाय ढिला सोडून घोडा उभा असेल तर तो आराम करतोय, त्याची काळजी नको. पुढचा एकच पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल तर तो दुखतोय. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून उभा असेल आणि जागचा हलत नसेल, तर तपासणी तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. घोड्याने धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरपूर खाल्लं की खुराच्या आतल्या थरांना अशी सूज येऊ शकते. डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात. पाय अजिबात टेकतच नसेल तरीही चालवू नका, हाड मोडलेलं असू शकतं.

मग दुडकी

दुडकी म्हणजे चालण्यापेक्षा जलद, हळू पळण्याची चाल. त्यासाठी कडक, सपाट जमीन हवी. दोर ढिला धरा. आखडून धरला तर डोकं हलत नाही, आणि आपल्याला बघायचं असतं ते डोकंच. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली सोडतो.

मागचा पाय असेल तर घोडा आपल्यापासून लांब पळवायचा आणि मागून दोन्ही कमरेची हाडं बघायची. दुखऱ्या बाजूचं हाड जास्त वरखाली होतं. दोन्हीकडे पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला की फरक पटकन दिसतो. इथे एक गंमत आहे. मागचा पाय जास्त दुखत असेल तर दुडकीत डोकंही हलतं, आणि त्याच बाजूचा पुढचा पाय लंगडतोय असं वाटतं. म्हणून डोकं आणि कंबर दोन्ही बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतही नाही, नुसती पावलं आखूड पडतात. तेव्हा गोल फिरवून बघा. बहुतेकदा आतल्या बाजूचा पाय चुगली करतो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवाल चालीला, म्हणजे न उसळता झपझप जाण्याच्या गुळगुळीत चालीला, मान आहे, आणि ती दिसतेही देखणी. पण त्या चालीत बारीक लंगडणं झाकलं जातं. घोडा घेताना दुडकी मागा.

आता खूर

पाय उचला, आकड्याने खूर साफ करा. माथेरानसारख्या लाल मातीच्या, खडीच्या वाटांवर खुरात अडकलेला खडा हेच अनेकदा कारण असतं. नाल नुकतीच ठोकली असेल तर एखादा खिळा जिवंत भागात किंवा त्याला खेटून गेलाय का, हे नालबंदालाच विचारा. चारही खुरांवर तळहात ठेवून ऊब पडताळा. मग खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही कडांना हलकेच बोटं ठेवा. निरोगी घोड्यात तिथली नाडी शोधावी लागते. आत सूज किंवा पू असेल तर ती बोटाखाली ठणठण उडते. नालबंद मोठ्या चिमट्याने तळवा दाबत जातो. घोडा जिथे पाय ओढून घेईल, तिथे दुखणं.

तळव्यात खिळा घुसलेला दिसला तर ओढून काढायची घाई नको. तो कुठल्या दिशेने, किती खोल गेलाय हे एक्स-रेमध्ये दिसायला हवं. आत सांधा आणि हाड आहे. घोडा त्यावर आणखी वजन टाकणार नाही अशी सोय करा. शिवाय घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तेव्हा लस कधी दिली होती ते सांगा.

वर सरका

खुरात काही नाही? मग पाय उचलून गुडघ्याखालची मागची दोरीसारखी शीर (कंडरा, रक्ताची नव्हे) चिमटीत धरून वरून खाली या. गाठ, ऊब, फुगीरपणा जाणवला की दुसऱ्या पायाशी तुलना करा. सांधेही तसेच. खांदा त्यानंतर.

वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नका. औषधाने लंगडणं झाकलं गेलं की डॉक्टरांना हातात काहीच मिळत नाही. ते सांधा थोडा वेळ दुमडून धरतात आणि लगेच दुडकी बघतात, किंवा खालून वर एकेक भाग बधिर करत जातात. ज्या इंजेक्शननंतर लंगडणं थांबतं, दुखणं त्या भागात. मग एक्स-रे किंवा सोनोग्राफी नेमकी तिथेच होते.

कामानंतर अंग ताठरलं आणि लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र हा पायाचा आजार नाही, स्नायूंचा आहे. एक पाऊलही चालवू नका.

आणि दुडकीचा व्हिडिओ काढून ठेवा, समोरून, मागून, बाजूने. डॉक्टर दारात आले की घोडा हमखास सरळ चालतो.