कॅप्सूलमधलं क्वेर्सेटिन व्होल्टॅमेट्रीने कसं मोजायचं

क्वेर्सेटिन हे वनस्पतींमध्ये आढळणारं संयुग आहे, आणि व्होल्टॅमेट्री म्हणजे इलेक्ट्रोडवरचं विभव (व्होल्टेज) बदलत नेत प्रवाह मोजण्याची पद्धत. क्वेर्सेटिनच्या रेणूत एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी-शेजारी असतात. ते इलेक्ट्रोडला सहज इलेक्ट्रॉन देतात आणि त्यातून येणारा प्रवाह क्वेर्सेटिनच्या प्रमाणात वाढतो. मोजणीचा पाया एवढाच. पण इलेक्ट्रोड रेणूचं नाव ओळखत नाही, सहज ऑक्सिडीकरण होणारं जे काही द्रावणात असेल त्याला प्रतिसाद देतो. म्हणून खरी मेहनत पृष्ठभाग स्वच्छ ठेवण्यात आणि व्हिटॅमिन सी बाजूला काढण्यात आहे.

लागणारं साहित्य: पोटेन्शिओस्टॅट (विभव लावून प्रवाह मोजणारं उपकरण), ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड आणि प्लॅटिनमची तार. बफरसाठी ५.७ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि ७.४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड सुमारे ९०० मिली पाण्यात विरघळवा, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ४.५ वर आणा आणि एकूण १ लिटर करा. अल्कधर्मी द्रावणात क्वेर्सेटिन हवेतल्या ऑक्सिजनने खराब होतं, म्हणून पीएच आम्लधर्मीच ठेवा. धन विभवावर मोजत असल्याने नायट्रोजन सोडायची गरज नाही.

प्रमाण द्रावण (ज्यातलं क्वेर्सेटिन नेमकं माहीत आहे असं) १ मिलिमोलार, म्हणजे लिटरमागे मोलचा हजारावा भाग, हवं: ३०.२ मिग्रॅ निर्जल क्वेर्सेटिन १०० मिली इथेनॉलमध्ये. बाटलीवर डायहायड्रेट लिहिलं असेल तर ३३.८ मिग्रॅ घ्या. हा फरक विसरला तर सगळे निकाल जवळपास १२ टक्के जास्त दिसतात. द्रावण अंधारात, थंड जागी ठेवा.

इलेक्ट्रोड आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनाच्या लगद्यावर, मऊ कापडावर इंग्रजी आठच्या आकारात प्रत्येकी एक-दोन मिनिटं घासा. चिकटलेले कण काढायला एक मिनिट अल्ट्रासोनिक बाथमध्ये धरा. मग १ मिलिमोलार पोटॅशियम फेरीसायनाइडच्या द्रावणात (०.१ मोलार पोटॅशियम क्लोराइडसह) चक्रीय स्कॅन घ्या, म्हणजे विभव पुढे नेऊन परत आणा. दोन शिखरांमधलं अंतर ६० ते ८० मिलिव्होल्ट असेल तर पुढे जा, १०० च्या वर असेल तर पुन्हा घासा.

नमुन्यासाठी २० कॅप्सूलमधली पूड एकत्र करून तिचं सरासरी वजन काढा. लेबलप्रमाणे १० मिग्रॅ क्वेर्सेटिन असेल इतकी पूड ५० मिली इथेनॉलमध्ये १५ मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा आणि गाळा. सेल्युलोज, सिलिका यांसारखी भरणद्रव्यं गाळणीवरच राहतात.

सेलमध्ये (मोजणीच्या भांड्यात) ९.९ मिली बफर आणि १०० मायक्रोलिटर अर्क घ्या. डिफरन्शियल पल्स पद्धतीने (विभव पायरी-पायरीने वाढवत, प्रत्येक पायरीवर छोटा ठोका देत) ० ते +०.७ व्होल्ट स्कॅन करा: पल्स ५० मिलिव्होल्ट, कालावधी ५० मिलिसेकंद, पायरी ५ मिलिव्होल्ट. शिखर साधारण +०.३ ते +०.४ च्या आसपास येतं. पीएच एकाने वाढला की ते सुमारे ५९ मिलिव्होल्ट मागे सरकतं, म्हणून सगळ्या मोजण्यांना एकच बफर वापरा. +०.७ च्या पुढे जाऊ नका: तिथे रेणूचे इतर गटही ऑक्सिडीकृत होतात आणि पृष्ठभागावर चिवट थर बसतो. तसाही थोडा थर बसतोच, त्यामुळे प्रत्येक स्कॅननंतर ०.०५ मायक्रॉनवर पुन्हा घासा. हे टाळलं की दुसरं-तिसरं शिखर लहान होत जातं आणि नमुन्यातच कमी आहे असा गैरसमज होतो.

आता प्रमाण द्रावणाचे ५० मायक्रोलिटर तीनदा घाला. प्रत्येक वेळी ढवळा, थांबा आणि स्कॅन घ्या. वाढलेल्या आकारमानासाठी प्रवाह दुरुस्त करून उभ्या अक्षावर प्रवाह आणि आडव्या (क्षैतिज) अक्षावर घातलेलं प्रमाण असा आलेख काढा. मूळ १० मिलीच्या हिशेबाने प्रत्येक भर ५ मायक्रोमोलारची. रेषा क्षैतिज अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तिथलं अंतर म्हणजे सेलमधलं प्रमाण. समजा ते ६.० मायक्रोमोलार आलं. मग अर्कात ०.६ मिलिमोलार, ५० मिलीत ३० मायक्रोमोल, म्हणजे ९.०७ मिग्रॅ. लेबलवरचे १० मिग्रॅ डायहायड्रेटचे असतील, तर त्यात निर्जल क्वेर्सेटिन ८.९४ मिग्रॅच असतं. म्हणजे निकाल जुळला.

लेबलवर व्हिटॅमिन सी असेल तर मात्र हा मार्ग थेट चालत नाही. त्याचं शिखर जवळपास तिथेच येतं. शिवाय ॲस्कॉर्बिक आम्ल (म्हणजेच व्हिटॅमिन सी) ऑक्सिडीकरणातून तयार झालेल्या क्विनोनला पुन्हा क्वेर्सेटिन बनवतं, तोच रेणू परत ऑक्सिडीकृत होतो आणि प्रवाह फुगतो. अशा वेळी क्वेर्सेटिन कार्बनला चिकटतं याचा उपयोग करा. नमुना आणि भर दहापट कमी घ्या, नाहीतर पृष्ठभाग भरून रेषा वाकते. विभव न लावता १२० सेकंद ढवळा, इलेक्ट्रोड बफरने धुवा आणि कोऱ्या बफरमध्ये बुडवून स्कॅन घ्या. ॲस्कॉर्बिक आम्ल धुऊन जातं, क्वेर्सेटिन राहतं. वेळ आणि ढवळण्याचा वेग प्रत्येक मोजणीत तोच ठेवा.

रुटिन (साखर जोडलेलं क्वेर्सेटिन) मात्र असं वेगळं होत नाही, कारण त्यातही तीच गटांची जोडी असते. मिश्र वनस्पती-अर्क असेल तर निकाल ‘क्वेर्सेटिन-समतुल्य’ म्हणूनच लिहा. घटकांचे वेगळे आकडे हवे असतील तर आधी एचपीएलसीने (द्रव क्रोमॅटोग्राफीने) ते वेगळे करावे लागतील.