ट्रान्समीटरचे लॉगबुक भरताना या चुका टाळा

सामुदायिक रेडिओच्या एफएम ट्रान्समीटरच्या लॉगबुकातील, म्हणजे रीडिंगच्या रोजच्या नोंदवहीतील, सर्वांत घातक शब्द ‘वरीलप्रमाणे’ हा आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील पावसात फीडर केबलच्या (ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या केबलच्या) जोडात पाणी शिरले, तर ट्रान्समीटर लगेच बंद पडत नाही. रिफ्लेक्टेड पॉवर, म्हणजे अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी पॉवर, दिवसागणिक थोडी थोडी वाढत जाते. ५० वॅट फॉरवर्ड पॉवरवर (अँटेनाकडे जाणाऱ्या पॉवरवर) अर्धा वॅट परत येत असेल, तर व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना किती नीट जुळले आहेत हे सांगणारे गुणोत्तर (आदर्श १), सुमारे १.२ असतो, आणि २ वॅट परत येऊ लागले की तो १.५ होतो. प्रसारण ऐकणाऱ्याला या दोन स्थितींतला फरक जाणवत नाही, तो केवळ नोंदींत दिसतो; म्हणून ज्या ऑपरेटरने आदल्या दिवसाचाच आकडा खाली उतरवला, त्याने येणाऱ्या बिघाडाची एकमेव पूर्वसूचना पुसून टाकली, असे मी मानतो.

दुसरी चूक म्हणजे एकच आकडा पाहून निदान करणे. रिफ्लेक्टेड पॉवर हळूहळू वाढली असेल तर आधी कनेक्टर आणि त्यावरील जलरोधक टेप तपासावी, आणि वळिवाच्या गडगडाटानंतर ती एकदम वाढली असेल तर अँटेना व केबल पाहावी. जोड उघडण्यापूर्वी ट्रान्समीटर बंद केलाच पाहिजे. याउलट रिफ्लेक्टेड पॉवर न वाढता फॉरवर्ड पॉवर घटली, तर मेन्स व्होल्टेज (वीजपुरवठ्याचा दाब), पॉवर अॅम्प्लिफायरचा (सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या भागाचा) करंट आणि तापमान एकत्र वाचावे. जत, आटपाडीकडच्या धुळीत हवेचा फिल्टर तुंबतो, तापमान चढते आणि अनेक ट्रान्समीटर स्वसंरक्षणासाठी पॉवर आपोआप कमी करतात. तापमानाचा रकाना रिकामा असेल तर हे कारण सापडायला विनाकारण वेळ जातो.

मध्यम लहरींच्या (एएम) केंद्राचा नोंदींचा तक्ता एफएमसाठी जसाच्या तसा वापरू नये. आकाशवाणीचे सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर आहे. अशा एएम प्रक्षेपणात मॉड्युलेशन (आवाजानुसार लहरीत होणारा बदल) वाढले की अँटेना करंटही वाढतो, म्हणून तेथील रीडिंग कार्यक्रमातील विरामात घेणे योग्य ठरते. एफएममध्ये मॉड्युलेशनमुळे पॉवर बदलत नाही, त्यामुळे चालू गाण्यात पॉवरचा काटा हलत असेल तर ती बिघाडाची खूण समजून नोंदवावी.

वेळेची नोंद घड्याळाकडे पाहून, चोवीस तासांच्या पद्धतीने करावी. सामुदायिक रेडिओला प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपावे लागते. लॉगबुकाचे घड्याळ आणि ध्वनिमुद्रणाचे घड्याळ जुळत नसेल, तर प्रसारण नेमके केव्हा खंडित झाले हे दोन्ही नोंदी हाताशी असूनही सांगता येत नाही.

चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ ओढून शेजारी योग्य आकडा, वेळ आणि सही लिहावी. रीडिंग घ्यायचे राहून गेले असेल तर रकान्यात ‘घेतले नाही’ असे लिहावे. अंदाजाने भरलेल्या आकड्यापेक्षा ही नोंद दुरुस्ती करणाऱ्याच्या अधिक कामी येते, कारण कोठून पुढचे आकडे विश्वासार्ह आहेत हे त्याला कळते.