डोकं आपटलं, पण धरून बसली होती मान

घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ स्कूटर खड्ड्यात गेली आणि मी हेल्मेटसकट डाव्या कुशीवर आपटले. सीटी स्कॅन नॉर्मल आला. कन्कशन आहे (म्हणजे मेंदूला बसलेला हिसका), एक-दोन दिवस आराम करा, मग हळूहळू हिंडाफिरायला लागा, असं सांगितलं होतं. सासूबाईंच्या धाकाने मी पंधरा दिवस पडदे ओढून झोपून काढले. ते चुकलंच. तीन आठवडे झाले तरी रिक्षा गतिरोधकावरून उडाली की गरगरायचं आणि ठणका मानेतून वर चढत कपाळात यायचा.

नौपाड्यातल्या फिजिओबाईंनी कवटीच्या खालच्या खळग्यात बोट दाबलं. "हेच दुखतं ना?" अगदी तेच! डोक्याला हिसका बसतो तेव्हा मानेलाही बसतोच. शिवाय मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस यांचे निरोप आत एकाच ठिकाणी पोचतात, म्हणून दुखतं मानेत आणि कळ येते कपाळात.

घरी काही करण्याआधी मान तपासून घ्या. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, ग्लानी, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर व्यायाम नाही, थेट हॉस्पिटल.

पहिला व्यायाम दिसायला फालतू. उताणं झोपायचं, मानेखाली टॉवेलची बारीक गुंडाळी. डोकं न उचलता हळूच मानेनेच 'हो' म्हणायचं, हनुवटी जेमतेम सुपारीएवढी आत. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. गळ्याच्या पुढचे जाड स्नायू ताठले तर जोर जास्त लागतोय. मी बोटं ठेवून बघायचे. पहिला आठवडा रोज ताठायचे.

दुसरा मजेचा. मुलाच्या जुन्या हेअरबँडला लेझर पॉइंटर बांधला, भिंतीवर कागद चिकटवला आणि ९० सेंटिमीटरवर खुर्ची ठेवली. ठिपका मध्यावर आणायचा, डोळे मिटायचे, मान उजवीकडे वळवून अंदाजाने परत मध्यावर आणायची, मग डोळे उघडायचे. साधारण सात सेंटिमीटरपेक्षा जास्त चुकलं तर मानेचा अंदाज बिघडलाय असं धरतात. माझा ठिपका थेट कॅलेंडरवर! (घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग ते झोपल्यावर, आणि आरशापासून लांब.)

व्यायामाने त्रास थोडा वाढून तासाभरात बसला तर चालतं. दुसऱ्या दिवशीही टिकला तर फेऱ्या निम्म्या करा.

२०१४ साली कॅनडात खेळताना कन्कशन झालेल्यांचा एक अभ्यास झाला; त्यात मान आणि तोल दोन्हींवर उपचार घेतलेल्या १५ पैकी ११ जणांना आठ आठवड्यांत खेळायची परवानगी मिळाली. फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्या दुसऱ्या गटात १४ पैकी एकालाच. अभ्यास लहान आहे, पण मला तेवढा धीर पुरला. सहाव्या आठवड्यात तलावपाळीला चालताना मागून हॉर्न वाजला आणि मी गर्रकन वळून बघितलं. गरगरलं नाही. स्कूटरवर मात्र अजून बसलेले नाही.