विखुरलेल्या मंडळींकडून दिवाळी अंक वेळेत कसा काढून घ्यावा

गट करणं, कामांच्या नोंदीसाठी गूगल शीट उघडणं, गूगल ड्राइव्हवर फोल्डर करणं सगळ्यांना येतं. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर गट दोन करा. एक गप्पांचा, दुसरा फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा. दुसऱ्यात तारखा, फायलींच्या लिंका आणि पक्के झालेले निर्णय, बाकी काही नाही. एकच गट ठेवला की मजकुराची शेवटची तारीख वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते.

तारखा छापखान्यापासून उलट्या मोजत या. दसऱ्याला अंक हातात हवा असेल, तर मजकूर जुलैअखेर आलाच पाहिजे.

बैठक रविवारी संध्याकाळी साडेसातला. उन्हाळी वेळेत न्यू जर्सीला तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, कोणालाच जागरण नको. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त माणसांची बैठक ६० मिनिटांनी बंद होते. तेवढा वेळ भरपूर झाला.

आता खरं अवघड काम, कामं वाटण्याचं.

आमच्या दुसऱ्या अंकाच्या वेळी मी गटात लिहिलं, ‘मुखपृष्ठासाठी चित्रकारांशी बोलायला हवं.’ चार अंगठे आले. एका ताईंनी ‘करूया’ लिहिलं. मी निर्धास्त झाले. सतरा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी चित्रकारांना फोन केला, तर त्यांच्या कानावर काहीच गेलेलं नव्हतं आणि तोवर त्यांनी आणखी दोन अंकांची मुखपृष्ठं घेतली होती. आमच्यातलं कोणीही कामचुकार नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणी बोललं असेल. चूक माझ्या वाक्यात होती. ‘बोलायला हवं’, पण कोणी? त्या वाक्याला कर्ताच नव्हता.

तेव्हापासून कर्ता नसलेलं वाक्य मी गटात लिहीत नाही. ‘अमुकताई शुक्रवारपर्यंत चित्रकारांशी बोलतील आणि मानधनाचा आकडा शीटमध्ये भरतील.’ एक नाव, एक वार, आणि काम झालं हे कशावरून कळणार ते. ‘बघूया’, ‘करायला पाहिजे’, ‘लवकरात लवकर’ हे शब्द दिसले की समजा, काम अजून कोणाकडेच नाही. दोन नावंही लिहू नका. मदतीला दहा जण असोत, विचारायचं कोणाला ते एकच नाव हवं.

आणि ते नाव गटात टाकण्याआधी त्या माणसाला फोन करा. चारचौघांत नाव घेतलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि भिडेचा होकार ऐन गणपतीत गळून पडतो. अंगठा म्हणजे वाचलं, एवढंच. होकार शब्दांत घ्या.

‘गटात सगळ्यांसमोर टॅग करा, म्हणजे दडपण येतं’ हा सल्ला मला अनेकांनी दिला. कृपा करून तसं करू नका. ही माणसं नोकरी-संसार सांभाळून, पदरचा वेळ घालून अंकासाठी राबतात. चारचौघांत टोकलेला माणूस भांडत नाही, गप्प होतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही. तारखेच्या दोन दिवस आधी फोन करा आणि ‘कधी देताय?’ऐवजी ‘कुठे अडलंय?’ विचारा. आमचे मुद्रितशोधन करणारे सर एकदा आठवडाभर गप्प होते. फोन केल्यावर कळलं, घरी आजारपण होतं. त्यांचे सहा लेख त्याच संध्याकाळी दोघांत वाटले. गटात विचारलं असतं तर ते ‘देतो’ एवढंच म्हणाले असते.

बाकीचं सोपं आहे. छायाचित्रं डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि छपाईत फुटतो. मुद्रितशोधन गूगल डॉक्समध्ये, ‘सजेस्टिंग’ लावून, म्हणजे दुरुस्त्या सूचना म्हणून वेगळ्या दिसतात. लेखाची प्रत एकच. मांडणीवाल्यांकडे युनिकोडच्या (मोबाइलवर आपण टाइप करतो त्या पद्धतीच्या) आधीचे जुने फॉन्ट असतील, तर युनिकोडमधून त्यांत रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं पुन्हा डोळ्यांखालून घाला.

अंक छापायला गेला तरी शीट पुसू नका. जाहिरातदारांचे नंबर, कोणाला कधी विचारलं होतं, सगळं पुढच्या वर्षी तिथेच सापडतं. चित्रकारांना मी आता मे महिन्यातच फोन करते.