लेगॉनला, म्हणजे घानाची राजधानी अक्रातल्या घाना विद्यापीठात, उन्हाळी कोर्सला येताय?

आधी पिवळं कार्ड. बाकीचं विसरलात तरी चालेल. पीतज्वराच्या लशीचा दाखला टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. अक्राच्या विमानतळावर तो मागतात, आणि खरी गोची परतताना होते. घानाहून भारतात येणाऱ्याकडे वैध दाखला नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मागच्या बॅचमधल्या एका मुलीनं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकलं. आरोग्य तपासणी बॅगा हातात यायच्या आधीच! आईबाबा बाहेर ताटकळत, मुलगी आत रडकुंडीला. कार्ड पासपोर्टच्या आत ठेवा. मोबाईलमधल्या फोटोवर भागेल असं धरून चालू नका. पुन्हा सांगते: पासपोर्टच्या आत.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि मधेच सोडू नका.

कोर्सच्या नावातला उन्हाळा युरोप-अमेरिकेचा. इथे जून म्हणजे भर पावसाळा. मुंबईच्या मानानं पाऊस काहीच नाही, पण गटारं तुंबतात आणि सखल भागात तासाभरात पाणी चढतं. 3 जून 2015 ला रात्री अक्रातल्या एन्क्रुमा सर्कल चौकाजवळ पुरामुळे लोक आडोशाला पेट्रोल पंपावर थांबले होते, तिथे स्फोट झाला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. जोराचा पाऊस लागला की वसतिगृहातच थांबा, लेक्चर बुडालं तरी.

आता माझा आवडता विषय. दुकान असो, ऑफिस असो की विद्यापीठाची बाल्म लायब्ररी, शिरल्या शिरल्या काम सांगायचं नाही. आधी गुड मॉर्निंग, मग कसे आहात, मग काम. आपल्याकडे 'दादा, हे केवढ्याला?' इथूनच सुरुवात होते. इथे तो उद्धटपणा समजतात, आणि मग आपली मुलं तक्रार करतात की काउंटरवरची बाई मुद्दाम खोळंबून ठेवते. ठेवणारच! चार वडीलधारे बसले असतील तर उजवीकडून सुरू करून एकेकाशी हात मिळवत डावीकडे जा. डाव्या हातानं काही देऊ नये हे आपल्याला सांगायला नको, तरी उजव्या हातात मोबाईल असला की ट्रोट्रोच्या मेटला डाव्या हातानं पैसे देणारे मी दरवर्षी पाहते. (ट्रोट्रो म्हणजे वडापची मिनीबस, मेट म्हणजे तिचा कंडक्टर.)

इथले आपले लोक जेवायला बोलावतील. जरूर जा, दोन महिन्यांनी वरण-भात मिळाला की डोळ्यांत पाणी येतं. मात्र घाना त्यांच्याकडून शिकू नका. वर्षानुवर्षं राहून ट्रोट्रोत पाय न ठेवलेले कितीतरी आहेत. कंपाउंड, ड्रायव्हर आणि भारतीय किराणा एवढंच त्यांचं अक्रा. 'हे लोक आळशी' हे वाक्य पोळीबरोबर वाढलं जाईल. तुम्ही सकाळी लवकर उठून 'वाचे' (waakye) हा इथला भात-चवळीचा पदार्थ विकणाऱ्या बाईसमोरची रांग बघा, आणि ती कधीपासून चुलीपाशी आहे ते विचारा.

वाचे म्हणजे भात आणि चवळी, ज्वारीच्या पानांनी लालसर झालेला. शाकाहाऱ्यांना उत्तम, फक्त वर शितो घालू देऊ नका. त्या काळ्या तिखटात सुकी मासळी आणि सुकट असते. 'नो मीट' म्हटलं तर मासे चालतात असं समजतात, म्हणून मासे, सुकट, अंडं, सगळं नाव घेऊन नको म्हणा. रेड रेड ही पाम तेलातली चवळीची उसळ, सोबत तळलेली पिकली केळी. त्यातही मासळी आहे का ते विचारा.

ढोलाचा वर्ग असेल तर तारखा आधी बघा. होमोवो सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, 'गा' या इथल्या मूळच्या लोकांच्या परंपरेनुसार अक्रात महिनाभर ढोल आणि गोंगाटाला बंदी असते. सराव बंद म्हणून कुरकुरू नका, संस्कृती शिकायलाच तर आला आहात. सण ऑगस्टमध्ये पाहता येतो.

केप कोस्ट आणि एल्मिना इथल्या, गुलामांच्या व्यापारासाठी वापरलेल्या किल्ल्यांची सहल कोर्समध्ये असतेच. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला. केप कोस्टला गुलाम पुरुषांच्या अंधारकोठडीच्या वरच गोऱ्यांचं प्रार्थनाघर होतं. अमेरिकेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे पूर्वजांसाठी रडतात. आपल्या एका ग्रुपनं त्यांच्या शेजारी हसत सेल्फी काढले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाईल खिशात ठेवा.

गांधींबद्दल विचारतील. प्रणव मुखर्जींनी 2016 मध्ये लेगॉनच्या आवारात गांधींच्या पुतळ्याचं अनावरण केलं, आणि आफ्रिकन लोकांविषयीच्या त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणावरून प्राध्यापकांनी आक्षेप घेतल्यावर डिसेंबर 2018 मध्ये तो हलवला गेला. ते लिखाण वाचून या, मग बोला.

प्लग चौकोनी तीन पिनांचे, अडॅप्टर घरूनच आणा. लष्करी छापाच्या पँटी मात्र घरीच ठेवा, इथे सामान्य नागरिकाला त्या घालायला बंदी आहे.