तिथीची पाऊणपट: समुद्रावरचा गणिताचा तास

फिरस्तीत लहान मुलांचं गणित हमखास मागे पडतं. कोकणात मुक्काम असेल तर कोळ्यांचा भरतीचा हिशोब शिकवा.

१. पंचांगात तिथी मुलालाच शोधू द्या. कृष्ण पक्षात पुन्हा १ पासून मोजायचं.

२. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ही पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, दिवसा आणि रात्रीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी.

३. पाण्याच्या कडेला काठी रोवून पडताळा घ्या. थोडाफार फरक पडतोच. तो वहीत लिहायला लावा, खरा अभ्यास तिथेच होतो.

परदेशी किनाऱ्यावर पाऊणपट जुळेलच असं नाही. पण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हे बहुतेक ठिकाणी मोजता येतं.

पाण्यात उतरताना मात्र या अंदाजावर विसंबू नका, गावातल्या कोळ्यांना विचारा.